वाचकांचे प्रश्न : विक्रीच्या सॉफ्टवेअरमधील मुक्त लायब्ररी

प्रश्न : आमची छोटी कंपनी शिकवणी वर्गांसाठी तासांचे व्हिडिओ तयार करणारे विंडोज सॉफ्टवेअर विकते. त्यात एफएफएमपेग ही व्हिडिओ हाताळणारी मुक्त लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) वापरली आहे आणि ‘अबाउट’ खिडकीत तसा उल्लेखही आहे. आता एका ग्राहकाच्या वकिलांनी परवान्यांचा तपशील मागितला आहे. आम्हाला आमचा सगळा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोड) खुला करावा लागेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बहुधा नाही, पण केवळ उल्लेख करूनही भागत नाही. तुमची एफएफएमपेगची प्रत कोणते पर्याय देऊन बिल्ड केली होती, म्हणजे सोर्स कोडपासून तयार केली होती, हे प्रथम पाहा. मूळ लायब्ररी एलजीपीएल या मुक्त परवान्याच्या २.१ किंवा त्यापुढील आवृत्तीखाली मिळते; तिच्याशी जोडलेला तुमचा प्रोग्राम बंद ठेवण्याची मुभा हा परवाना अटींसह देतो. मात्र ‘एनेबल-जीपीएल’ हा पर्याय दिला असेल, आणि एक्स२६४ हा व्हिडिओ एन्कोडर हवा म्हणून तो सर्रास दिला जातो, तर ती संपूर्ण बिल्ड जीपीएल या अधिक कडक परवान्याखाली जाते; अशी बिल्ड लिंक केलेला (जोडलेला) तुमचा प्रोग्राम सोर्स कोड बंद ठेवून वाटता येत नाही. ‘एनेबल-नॉनफ्री’ दिला असल्यास ती बिल्ड कोणालाही वाटण्याचीच मुभा राहत नाही. इंटरनेटवरून तयार डीएलएल (विंडोजमधील लायब्ररीची वेगळी फाइल) उचलणाऱ्यांची नेमकी येथेच फसगत होते.

बिल्ड निव्वळ एलजीपीएलची असेल, तर ती डीएलएलच्या रूपात वेगळी ठेवा, म्हणजे ग्राहकाला तिच्या जागी स्वतः बदललेली प्रत बसवता येईल. स्टॅटिक लिंकिंग केल्यास, म्हणजे लायब्ररी तुमच्या प्रोग्रामच्या फाइलमध्येच मिसळल्यास, ती पुन्हा जोडता यावी म्हणून तुमच्या प्रोग्रामच्या ऑब्जेक्ट फाइल्सही (जोडणीपूर्वीचे तयार भाग) द्याव्या लागतात, आणि तो उपद्व्याप टाळलेलाच बरा. परवान्याची प्रत सोबत द्या. ज्या आवृत्तीपासून डीएलएल तयार झाली तिचाच सोर्स कोड, तुम्ही केलेल्या बदलांसह, इन्स्टॉलरशेजारी आपल्याच सर्व्हरवर ठेवा. तुमच्या विक्रीकरारात रिव्हर्स इंजिनिअरिंगवर (तयार प्रोग्राम उकलून तो कसा चालतो हे शोधण्यावर) सरसकट बंदी असेल, तर तेथे अपवाद घाला : ग्राहकाला स्वतःच्या वापरासाठी बदल करण्याची आणि त्या बदलांतील दोष शोधण्यापुरती रिव्हर्स इंजिनिअरिंगची मोकळीक एलजीपीएल मागते. हे बंदीचे कलम बहुतेक करारांत नकलून आलेले असते आणि कोणी वाचतही नाही.

अटी मोडल्यास एलजीपीएल २.१ नुसार परवाना आपोआप संपतो, आणि त्यानंतरचे वितरण हा कॉपीराइटचा भंग ठरतो. जीपीएल व एलजीपीएल हे परवाने तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००८ मध्ये सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीवर तिच्या लिंक्सिस उपकरणांवरून दावा लावला. २००९ च्या तडजोडीत कंपनीला आर्थिक योगदानाखेरीज परवानापालन पाहणारा ‘फ्री सॉफ्टवेअर डायरेक्टर’ नेमणे मान्य करावे लागले.

प्रश्न : सॉफ्टवेअर फक्त आमच्या सर्व्हरवर चालत असेल तर?

उत्तर : प्रत ग्राहकाच्या हाती जात नसल्याने जीपीएल व एलजीपीएलची सोर्स कोड देण्याची अट लागू होत नाही. एजीपीएल या जीपीएलच्याच भावंड परवान्याखालील प्रोग्राममध्ये बदल करून तो नेटवर्कवरून वापरू दिला, तर मात्र त्या वापरकर्त्यांना बदललेला सोर्स कोड उपलब्ध करावा लागतो.