हेकरू माशाला ‘लहान सोडा, मोठा धरा’ हा नियम पुरतो का?

आपला प्रश्न असा आहे की, प्रवाळभित्तीवर राहणारा हेकरू, म्हणजेच हॉटेलांच्या यादीत ‘ग्रुपर’ नावाने येणारा मासा, आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो हे खरे असेल, तर लहान मासे सोडून मोठेच धरावेत हा नेहमीचा नियम त्याच्या बाबतीत पुरेसा आहे का. मी नागपुरात प्राणिशास्त्र शिकवतो आणि माझे उत्तर स्पष्ट आहे: हा नियम आवश्यक आहे, परंतु पुरेसा नाही, आणि फक्त त्याच्यावर विसंबून राहिल्यास हेकरूची वीणच मोडते.

हा नियम आपल्या मनात गोड्या पाण्यातून आलेला आहे. भोईपुऱ्यात किंवा मंगळवारी बाजारात आपण पाहतो तो रोहू घ्या. त्याच्यात नर आणि मादी पहिल्यापासून वेगळे असतात, दोघेही साधारण दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस वयात येतात आणि मादी वजनाच्या दर किलोमागे दोन लाखांहून अधिक अंडी देते. त्यामुळे जाळ्याचा आस, म्हणजे भोकांचा आकार, मोठा ठेवून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, निसटू दिली आणि पुराच्या पाण्यात एकदा वीण होऊ दिली, की नदीतला साठा बराचसा सावरतो. मोठा रोहू धरला म्हणून नर-मादींचे प्रमाण बिघडत नाही.

हेकरूचे शरीर मात्र निराळ्या हिशेबाने चालते. त्याच्या बहुतेक जाती प्रथम मादी म्हणून वयात येतात, काही वर्षे अंडी देतात आणि त्यानंतर त्यांतील काहींच्या अंडाशयातील ऊती विरून जाऊन तिथेच शुक्राणू निर्माण करणाऱ्या पेशी वाढू लागतात. अशा नराचे वृषण कापून पाहिले तर जुन्या अंडाशयाची पोकळी त्यात अजून दिसते. वर्गात हे चित्र दाखवताना मला दरवेळी नव्याने आश्चर्य वाटते. यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. लहान नराला मोठ्यांपुढे टिकाव धरता येत नाही, पण थोराड नर अनेक माद्यांची अंडी फलित करू शकतो. म्हणून लहानपण मादी म्हणून आणि थोरपण नर म्हणून घालवणाऱ्या माशाची संतती अधिक होते. (सर्वच हेकरू असे नाहीत. कॅरिबियन समुद्रातील नासाऊ हेकरूत बहुतेक नर आधी मादी झालेले नसतात.)

आता मोठे मासेच धरले तर काय होईल ते पाहा: आपण वेचून नरच काढून घेतो. मेक्सिकोच्या आखातातील गॅग नावाच्या हेकरूत १९७० च्या दशकात नर साधारण १७ टक्के होते. १९९० च्या दशकापर्यंत ते २ टक्क्यांच्या आसपास उरले. माद्यांनी लगेच नर व्हावे, अशी अपेक्षा करता येत नाही. भित्तीवरील स्वच्छक माशांच्या, म्हणजे इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाणाऱ्या छोट्या माशांच्या, लहान टोळीत नर नाहीसा झाला, तर सर्वांत मोठी मादी काही तासांत नरासारखी वागू लागते, कारण ती टोळी रोज एकत्र असते. मोठे हेकरू मात्र वर्षातला बराच काळ एकेकटे शिकार करत राहतात आणि नर कमी झाले आहेत हे त्यांना बहुधा विणीच्या मेळ्यातच जाणवत असावे.

हा मेळाच त्यांचा सर्वांत नाजूक काळ आहे. ठरावीक महिन्यांत, जातीनुसार अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास, दूरदूरचे हेकरू ठरलेल्या एकाच जागी जमतात आणि सायंकाळी अंडी सोडतात. मच्छीमाराला ती जागा सापडली की काही दिवसांत वर्षभराची मासेमारी होते आणि साठा घटत असतानाही जाळी भरलेलीच दिसतात. केमन बेटांपैकी लिटल केमनजवळ २००१ साली नासाऊ हेकरूचा असा मेळा सापडला आणि दोन हंगामांत तिथून सुमारे ४,००० मासे काढले गेले. २००३ मध्ये तिथे बंदी आली आणि त्यानंतर दीड दशकात तो मेळा पुन्हा काही हजारांपर्यंत सावरला. यासाठी किती वर्षे थांबावे लागले, याकडे लक्ष द्यावे, कारण हे मासे रोहूच्या वेगाने भरून येत नाहीत.

जिवंत माशांच्या व्यापाराने आणखी एक ताण आणला आहे. हाँगकाँगच्या बाजारात लालसर कोरल ट्राउट, जो हेकरूच्याच कुळातला आहे, ताटात मावेल एवढा, म्हणजे साधारण अर्धा ते एक किलोचा, जास्त पसंत केला जातो. या आकारात बहुतेक माद्या किंवा नुकतेच वयात आलेले मासे असतात. म्हणजे मेळ्यात नर जातात आणि बाजारासाठी माद्या जातात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडने म्हणूनच ३८ सेंटिमीटरच्या किमान लांबीवर न थांबता ऑक्टोबर व नोव्हेंबरमधील अमावास्येच्या सुमारास पाच-पाच दिवस मासेमारी बंद ठेवली आहे. शिवाय ग्रेट बॅरिअर रीफचा सुमारे एक तृतीयांश भाग २००४ पासून मासेमारीसाठी बंद आहे. तेथील केपेल बेटांजवळच्या अभ्यासात राखीव क्षेत्र भित्तीच्या केवळ २८ टक्के असूनही आसपासच्या पिल्लांपैकी जवळजवळ निम्मी पिल्ले त्याच क्षेत्रातील माशांची असल्याचे जनुकीय तपासणीतून दिसले. अंड्यांतून निघालेली पिल्ले काही आठवडे प्रवाहासोबत तरंगतात आणि मग भित्तीवर उतरतात, त्यामुळे राखीव जागेतली वीण बाहेरच्या मच्छीमारालाही मिळते.

आपल्या देशात लक्षद्वीपच्या बित्रा बेटाजवळ चौकोनी शेपटीच्या हेकरूचा असाच मेळा भरतो. तिथे काही नर छोटी जागा राखून एकेका मादीची मनधरणी करतात, तर उतारावरचे मोठे नर लहान माद्यांच्या अख्ख्या थव्यापुढे एकाच वेळी प्रणयाराधन करतात. ही दुसरी रीत गर्दी दाट असेल तरच दिसते. तिथल्या मेळ्यात केवळ किमान लांबीचा नियम लावला, तर हेच मोठे नर सर्वांत आधी गळाला लागतील. म्हणून तिथे विणीच्या दिवसांत जागाच बंद ठेवणे, हाच मला योग्य मार्ग वाटतो.