पेनिट्रेशन टेस्टिंगच्या प्रात्यक्षिक कोर्समध्ये कोणती टूल्स शिकवावीत आणि गुण कसे द्यावेत?

विद्यापीठात पेनिट्रेशन टेस्टिंग, म्हणजे परवानगी घेऊन सिस्टीम फोडून तिच्यातल्या त्रुटी शोधणं, हा विषय पहिल्यांदाच घेताय, टूल्स कोणती आणि गुण कशाला, असं तुम्ही विचारलंय. टूल्सचं लगेच संपवतो. काली (अशी टूल्स भरून येणारी लिनक्स), एनमॅप (नेटवर्कवर कोण आहे, काय उघडं आहे ते शोधणारं), बर्पची फुकट आवृत्ती (वेबसाइट तपासायला), वायरशार्क (नेटवर्कवरची ये-जा बघायला), आणि फोडायला मेटास्प्लॉइटेबल २ नि डीव्हीडब्ल्यूए, म्हणजे मुद्दाम कच्ची ठेवलेली एक मशीन नि एक वेबसाइट. एका सत्राला रग्गड होतं. गुणांचं विचारून मात्र तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

मी हा विषय पहिल्यांदा घेतला तेव्हा बावीस पोरं होती. तिसऱ्या आठवड्यात प्रॅक्टिकल चालू असताना ऑफिसातल्या मॅडम कागदांचा गठ्ठा घेऊन दारात उभ्या. "सर, हे तुमच्याकडचंच ना?" बऱ्याच कागदांवर वरच्या बाजूला एकच ओळ: गेट, तिरकी रेघ, एचटीटीपी १.०. काहींवर नुसती अगम्य चिन्हं. खाली सगळा कागद कोरा. प्रिंटर थांबेना म्हणून त्यांनी शेवटी प्लगच उपटला होता.

कागद बघताक्षणी माझ्या पोटात गोळा आला. नेटवर्कवरचे बरेच प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे नेटवर्ककडून आत येण्याचं नंबर असलेलं दार) जे येईल ते मुकाट्याने छापतात. एनमॅपला हे माहीत आहे, म्हणून समोर कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं व्हर्जन हे ओळखताना ९१०० ते ९१०७ हे पोर्ट तो आपणहून टाळतो. पण 'ऑलपोर्ट्स' हा पर्याय दिला की ही काळजी संपली. मग एनमॅप एकामागून एक चौकशा पाठवतो आणि प्रिंटर त्या इमानेइतबारे कागदावर उतरवतो. हे सगळं ठीक, पण आमच्या व्हर्च्युअल मशीन तर होस्ट-ओन्ली नेटवर्कवर, म्हणजे आपापल्या संगणकापुरत्या बंदिस्त होत्या. तिथून ऑफिसातला प्रिंटर दिसणारच कसा?

"ब्रिज्ड कुणी केलं?"

मागच्या रांगेतला एक हात हळूच वर आला. "सर, नेट येत नव्हतं."

पॅकेज अपडेट करायला त्याने व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची सेटिंग बदलून मशीन ब्रिज्ड, म्हणजे थेट बाहेरच्या नेटवर्कला जोडलेली केली, परत फिरवायची राहिली, आणि कुठूनतरी उचललेली कमांड थेट विभागाच्या नेटवर्कवर मारली. विभागप्रमुखांना लॅबच बंद करायची होती. "पोरांना हॅकर बनवताय का?" हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल, तयारीत राहा.

मी त्या पोराला सांगितलं, आता हाच तुझा रिपोर्ट. किती वाजता कुठली कमांड, कुठल्या पत्त्यावर, काय बिघडलं, काय केलं असतंस तर टळलं असतं. चार पानं आली. त्यात लिहिलं होतं, 'मला परवानगी १९२.१६८.५६ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांपुरती होती. कमांड मारण्याआधी मी स्वतःचा पत्ता पाहिला नाही.' आणि खाली निष्कर्ष म्हणून: विद्यार्थ्यांच्या लॅबमधून ऑफिसचा प्रिंटर दिसायलाच नको होता, तो वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवर वेगळं राखलेल्या नेटवर्कवर) हवा. यातलं एक अक्षरही मी त्याला सांगितलं नव्हतं. आमच्या नेटवर्क सांभाळणाऱ्यांनी पुढच्या महिन्यात तेच केलं.

सत्राअखेर त्याला मी वर्गात सर्वांत जास्त गुण दिले आणि भांडण पेटलं. माझ्याबरोबर विषय घेणारे एक सर होते, स्वतः ओएससीपी (मशीन फोडून दाखवायच्या परीक्षेचं प्रमाणपत्र) झालेले. याने परीक्षेत पाचपैकी दोनच मशीन फोडल्या, पाचही फोडणारा याच्या खाली कसा, हा त्यांचा सवाल. पाच फोडणाऱ्याला मी तोंडी परीक्षेत विचारलं होतं, व्हीएसएफटीपीडी २.३.४ (फाइलींच्या देवाणघेवाणीचा सर्व्हर) नक्की कशामुळे फुटलं? उत्तर आलं, "मॉड्यूल चालवलं." म्हणजे मेटास्प्लॉइट या टूलमधला तयार हल्ला. २०११ मध्ये त्या सर्व्हरच्या डाउनलोडमध्ये कुणीतरी मागचं दार घुसडलं होतं. युजरनेममध्ये विसर्गासारखी दोन टिंबं आणि बंद कंस, म्हणजे हसरा चेहरा टाकला, की ६२०० पोर्टवर रूट शेल, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा, उघडतं. हाताने करायला दोन मिनिटं लागतात. त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्याचा रिपोर्ट म्हणजे सतरा स्क्रीनशॉट, एकाखालीही ओळ नाही. असा रिपोर्ट हातात पडलेल्या ग्राहकाने काय दुरुस्त करायचं?

आणि ज्या ओएससीपीचा दाखला सर देत होते, तिथे २३ तास ४५ मिनिटं मशीन फोडल्यावर रिपोर्ट लिहायला वेगळे २४ तास देतात. रिपोर्ट दिला नाही तर नापास. हे मी त्यांना तेव्हा तोंडावर सांगायला हवं होतं, सुचलं घरी गेल्यावर.

तर गुण असे द्या: ५० रिपोर्टला, २० स्कोप (परवानगीची हद्द) पाळण्याला, ३० मशीन फोडण्याला. स्कोपचा कागद पहिल्याच दिवशी सहीनिशी घ्या आणि ज्या पत्त्यांना हात लावायचा नाही तेही त्यावर लिहा, प्रिंटर सर्वांत वर. मेटास्प्लॉइट पहिल्या महिन्यात देऊच नका. प्रॅक्टिकल सलग चार तासांचं मागून घ्या, दोन तासांत मशीन नीट चालू होईपर्यंतच घंटा होते.

हे सगळं बावीस जणांना जमलं. साठ जण असतील तर एवढे रिपोर्ट वाचून होणार नाहीत, जोड्या कराव्या लागतील, आणि जोडीत एकच जण लिहितो हेही मला माहीत आहे. सरांचंही एक खरं होतं. दोन मशीन म्हणजे दोनच. बफर ओव्हरफ्लो (मेमरीत मावेल त्याहून जास्त डेटा कोंबून करायचा हल्ला) त्या पोराला शेवटपर्यंत जमला नाही, आणि खरं सांगायचं तर प्रिंटरच्या भानगडीत माझे दोन आठवडे गेल्यामुळे मी तो घाईतच उरकला होता.