वाचक विचारतात : पान नंबर सांगा, मग बोलू

मागच्या अंकात या सदरात लिहिलं होतं की राजकीय नेत्यांवर टीका करणारी, त्यांचा कारभार तपासणारी चरित्रं आपल्याकडे अजून यायला हवीत, आणि असं पुस्तक आपल्या आवडत्या नेत्यावर आलं तर आधी ते वाचावं. त्यावर पत्रं आणि मेल खूप आले. काही रागाचे, काही फार प्रांजळ. त्यातले निवडक प्रश्न घेतोय, नावं मुद्दाम देत नाहीये.

प्रश्न : नेता हयात असताना गप्प बसायचं आणि तो गेल्यावर पुस्तक काढायचं, हा भेकडपणा नाही का? उत्तर द्यायला माणूसच उरला नाही. मी तर असं पुस्तक हातात पण धरणार नाही.

उत्तर : तुमचा राग खोटा नाही, ज्याच्यासाठी उन्हातान्हात फिरलो त्याच्याबद्दल असं वाचायला लागलं की लागतंच मनाला. पण हयातीत बोलणार कोण ते सांगा. सचिव नोकरीत असतो, कार्यकर्त्याला झेडपीचं तिकीट हवं असतं, कंत्राटदाराचं बिल अडकलेलं असतं, विरोधकाला उद्या त्याच नेत्याशी युती करायची असते. म्हणून हयातीत आपल्याकडे येतो तो गौरवग्रंथ, साठीला नाहीतर पंच्याहत्तरीला, आत सहकाऱ्यांचे लेख आणि मागच्या पानांवर साखर कारखान्यांच्या, सहकारी बँकांच्या शुभेच्छा जाहिराती. गौरवग्रंथ मी जपून ठेवतो, त्यात तारखा आणि फोटो मिळतात जे दुसरीकडे कुठे नसतात, पण ती निवडणूक साहेब का हरले, तो जुना सहकारी एकाएकी का सोडून गेला, हे त्यात कधीच सापडत नाही. माणसं मोकळी होतात ती नंतर, कागद बाहेर येतात ते पण नंतर.

आणि हातात न धरण्याबद्दल. २०११ साली जोसेफ लेलिव्हेल्ड या अमेरिकन पत्रकाराचं गांधीजींवरचं 'ग्रेट सोल' हे चरित्र आलं. परदेशातल्या पेपरांत त्याची परीक्षणं आली, त्यातल्या एकदोन वाक्यांवरून इथे गदारोळ झाला आणि गुजरात विधानसभेनं बंदीचा ठराव करून टाकला, तेव्हा ते पुस्तक भारतातल्या दुकानांत आलेलं सुद्धा नव्हतं! त्या बंदीला विरोध कोणी केला, तर गांधीजींच्या स्वतःच्या नातवांनी, राजमोहन गांधी आणि गोपाळकृष्ण गांधी यांनी. ज्यांना सगळ्यात जास्त लागायला हवं होतं ते म्हणाले बंदी नको. हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं.

प्रश्न : पुस्तक प्रामाणिकपणे लिहिलंय की सुपारी घेऊन, हे आमच्यासारख्या साध्या वाचकानं ओळखायचं कसं?

उत्तर : या महिन्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा पुस्तकात वाक्य आहे, "त्या रात्री साहेब झोपले नाहीत, खुर्ची जाणार हे त्यांना कळून चुकलं होतं." वाचायला झकास. आता थांबा आणि विचारा की हे लेखकाला कोणी सांगितलं? वाक्याच्या शेवटी बारीक आकडा आहे का, असला तर पुस्तकाच्या मागे जाऊन ती टीप काढा. तिथे लिहिलं असेल की अमुक स्वीय सहायकाची मुलाखत, अमुक तारीख, तर निदान जागा तरी कळली, तो माणूस त्या रात्री बंगल्यावर होता का हे पुढे बघता येतं, आणि मुलाखत घटनेनंतर तीस वर्षांनी घेतली असेल तर आठवण किती धरायची हे पण ठरवता येतं. टीपच नसेल किंवा "जवळच्या सूत्रांनी सांगितलं" एवढंच असेल तर ते वाक्य पेन्सिलीनं गोल करून सोडून द्या. रोजच्या पेपरात 'सूत्र' चालतं कारण बोलणाऱ्याची नोकरी जाऊ शकते, पण चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीला सूत्र कशाला लागतं? अशी गोल केलेली वाक्यं एका प्रकरणात चारदोन निघाली तर हरकत नाही, पानोपानी निघाली तर मात्र ती कादंबरी आहे, चरित्र नाही.

दुसरं म्हणजे आकडे. "संपत्ती दहापट वाढली" हे वाक्य हमखास असतं. सुप्रीम कोर्टाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं, त्यात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण असं सगळं येतं, आणि ते निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येतं. ते उघडा आणि जमिनीचा रकाना बघा, तिथे खरेदीची किंमत वेगळी आणि आजची बाजारभावानं किंमत वेगळी असते. तीच वडिलोपार्जित जमीन शहराची हद्द वाढल्यानं दहापट झाली असेल तर तो आरोप होत नाही, पण दोन निवडणुकांच्या मध्ये नवीन सर्व्हे नंबर दिसायला लागले तर मात्र लेखकानं प्रश्न बरोबर विचारलाय. जो लेखक हा फरक करून दाखवतो त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो, मग त्याचा निष्कर्ष मला आवडो न आवडो.

तिसरं, भाषणं. सभागृहातल्या भाषणाचा तुकडा दिला असेल तर विधिमंडळाच्या कामकाजात किंवा लोकसभेच्या चर्चांमध्ये तारखेवरून अख्खं भाषण शोधता येतं, वेळ लागतो पण मिळतं. तुकड्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचा, बस.

आणि एक कसोटी माझी स्वतःची. नेता पाच वेळा निवडून आला आणि अख्ख्या पुस्तकात त्याचं कारण फक्त पैसा आणि दहशत एवढंच दिलं असेल, तर पुस्तक कच्चं आहे. लोकांनी मत का दिलं हे ज्याला शोधावंसं वाटत नाही त्यानं त्या नेत्याला पण शोधलेलं नाही. याचा अर्थ "चांगलं अर्धं, वाईट अर्धं" असं वजन करून लिहावं असा नाही, तसलं लिखाण मला अजिबात पटत नाही. दोष मोठा असेल तर मोठाच लिहावा, पण त्या माणसाची ताकद कशात होती तेही वाचकाला कळलं पाहिजे.

प्रश्न : माझ्या आजीला त्या नेत्यानं सुरू केलेल्या योजनेमुळे दर महिन्याला पैसे मिळायचे, आमच्या घरात त्यांचा फोटो आहे. आता पुस्तकात त्यांच्या भ्रष्टाचाराबद्दल वाचलं. फोटो ठेवू की काढू?

उत्तर : फोटोचं तुम्ही घरात ठरवा, ते मी सांगायचं नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या असू शकतात, आणि महाराष्ट्रात याचं उदाहरण आहेच. बॅ. अ. र. अंतुले १९८० च्या जूनमध्ये मुख्यमंत्री झाले. दीड-पावणेदोन वर्षांच्या कारकिर्दीत संजय गांधी निराधार योजना आली, ज्याला कोणी नाही त्याला सरकार दरमहा पैसे देणार ही गोष्ट तेव्हा गरिबाघरी केवढी मोठी होती! सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १९८१ च्या १ मेला झाले ते याच काळात. आणि याच काळात अंतुल्यांनी काढलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाच्या देणग्या आणि सिमेंटचा कोटा (तेव्हा सिमेंट सरकारी कोट्यातून मिळायचं) हे प्रकरण पेपरात आलं, बिल्डरांनी देणगी दिली की सिमेंट मिळतं असा आरोप होता, हायकोर्टात न्या. लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये विरोधात निकाल दिला आणि मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. पुढे फौजदारी खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तिथे १९८८ साली सात न्यायाधीशांच्या पीठानं म्हटलं की हा खटला हायकोर्टाकडे सोपवण्याचा आधीचा आदेशच चुकीचा होता. नंतर ते केंद्रात मंत्री पण झाले.

आता बघा, टीका करणारा आळशी लेखक १९८२ ला थांबेल, भक्त १९८८ पासून सुरुवात करेल, आणि निराधार योजनेचे पैसे घेणारी म्हातारी दोघांच्याही पुस्तकात येणार नाही. चांगल्या चरित्रात हे तिन्ही लागतं. तुमच्या आजीला पैसे मिळाले हा पुरावा आहे, भावनेचा विषय म्हणून बाजूला टाकायची गोष्ट नाही ती. कोणत्या साली सुरू झाले, किती मिळायचे, कोणत्या ऑफिसातून, मध्ये कोणी हात मारायचं का, हे आजी असेल तर तिला विचारून लिहून ठेवा, नसेल तर आईला विचारा.

प्रश्न : सरकार अशा पुस्तकांवर सरळ बंदी का घालत नाही?

उत्तर : कारण कायद्यात तसं नाहीये, आणि नाहीये तेच बरं आहे. पुस्तक जप्त करायचा अधिकार राज्य सरकारला आहे, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम ९५ होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ९८, पण त्यासाठी ठरावीक गुन्हे लागतात, समाजात तेढ पसरवणं, धार्मिक भावना दुखावणं, अश्लीलता वगैरे. एखाद्या नेत्याची बदनामी हे कारण त्या यादीत नाही. शिवाय सरकारला आदेशात आपली कारणं लिहावी लागतात आणि त्याविरुद्ध हायकोर्टात दोन महिन्यांत जाता येतं, तिथे तीन न्यायाधीश ऐकतात. जसवंतसिंग यांच्या जीनांवरच्या पुस्तकावर गुजरातनं ऑगस्ट २००९ मध्ये बंदी घातली ती सप्टेंबरच्या सुरुवातीलाच हायकोर्टात पडली.

बंदीपेक्षा मला भीती वाटते ती हातात दगड घेणाऱ्यांची. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, कारण शिवाजी महाराजांवरच्या एका परदेशी लेखकाच्या पुस्तकात संस्थेचे आभार मानलेले होते. नुकसान झालं ते आपल्याच पोथ्या-पुस्तकांचं. ज्या कागदांवरून ते पुस्तक कोणाला पुढे खोडून काढता आलं असतं तेच कागद फाडले गेले. याचं दुःख अजून जात नाही.

प्रश्न : मग कुटुंबानं कोर्टात जावं का?

उत्तर : जाता येतं. बदनामीचा गुन्हा आहे, आता भारतीय दंडसंहितेच्या जागी आलेल्या न्यायसंहितेचं कलम ३५६, आणि गेलेल्या माणसाबद्दल लिहिलं तरी तो लागू शकतो, जर ते घरच्यांच्या भावना दुखवायच्या हेतूनं लिहिलं असेल. पण खरी आणि लोकांच्या हिताची गोष्ट, सार्वजनिक कामाबद्दल प्रामाणिकपणे मांडलेलं मत, हे अपवाद त्याच कलमात आहेत. सुप्रीम कोर्टानं १९९४ च्या राजगोपाल निकालात सांगितलंय की अधिकाऱ्यांना कोणाचं लिखाण छापायच्या आधीच अडवता येणार नाही आणि सरकारी नोंदीतल्या गोष्टी लिहायला परवानगी लागत नाही.

जिंकणं सोपं नसतं हे मात्र लक्षात घ्या. सेमूर हर्श या पत्रकारानं १९८३ च्या पुस्तकात मोरारजी देसाईंवर आरोप केला की ते सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेकडून वर्षाला वीस हजार डॉलर घ्यायचे. मोरारजींनी अमेरिकेत दावा लावला. १९८९ मध्ये शिकागोत ज्यूरीचा निकाल आला तेव्हा त्यांचं वय त्र्याण्णव होतं, आणि ते हरले, कारण तिथे सार्वजनिक माणसाला हे दाखवावं लागतं की लेखकानं खोटं आहे हे माहीत असून किंवा खऱ्याखोट्याची फिकीर न करता लिहिलं. दावा हरला म्हणून आरोप खरा ठरला असं मुळीच नाही. पण हर्शनी ज्यांच्या भरवशावर लिहिलं त्यांची नावं पुढे आलीच नाहीत, म्हणून वर जे 'सूत्रां'बद्दल म्हणालो ते इथेही लागू आहे, मी त्या आरोपाला पुराव्याच्या रांगेत बसवणार नाही.

प्रश्न : लेखक विरोधी पक्षाच्या जवळचा आहे. मग वाचायचं कशाला?

उत्तर : वाचायचं. प्रस्तावनेत त्यानं ते स्वतः सांगितलंय का एवढं बघा. सांगितलं असेल तर प्रामाणिक, लपवलं असेल तर टिपा दुप्पट काळजीनं तपासा.

प्रश्न : मी त्या नेत्याबरोबर बरीच वर्षं काम केलंय. पुस्तकात दोन ठिकाणी सरळ चूक आहे, तारीख पण आणि माणसं पण. कार्यकर्ते म्हणतात मोर्चा काढू. तुम्ही काय म्हणता?

उत्तर : मोर्चा काढू नका, पत्र लिहा. रॉबर्ट मोझेस म्हणून न्यूयॉर्कचे फार ताकदवान अधिकारी होते, पूल, रस्ते, पार्क सगळं त्यांनी बांधलं. १९७४ साली रॉबर्ट कॅरोनं त्यांच्यावर भलंमोठं टीकात्मक चरित्र लिहिलं. मोझेस भयंकर चिडले, आणि त्यांनी तेवीस पानांचं टाइप केलेलं उत्तर लिहून काढलं. आज ते उत्तर पण अभ्यासक वाचतात, चरित्राच्या शेजारी ठेवून. मोर्चा निघाला असता तर त्याची दोन ओळींची बातमी उरली असती.

तुम्ही एका कागदावर एकच चूक घ्या. पान नंबर, पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं, मग खरं काय घडलं, आणि तुम्हाला ते कसं माहीत, म्हणजे तुम्ही तिथे होतात की नंतर ऐकलंत, हे स्वच्छ सांगा. त्या दिवसाची डायरी, बैठकीचं निमंत्रण, फोटो, पेपरचं कात्रण, जे असेल ते लावा. एक प्रत लेखकाला, एक प्रकाशकाला. बाकी नेत्याबद्दल तुम्हाला काय वाटतं ते या पत्रात नको, त्यासाठी वेगळा लेख लिहा, आम्ही छापू. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती झाली नाही तर ते पत्र पण आमच्याकडे पाठवा, या सदरात पान नंबरासकट छापतो. आणि मूळ कागद कोणाला देऊ नका, झेरॉक्सच द्या.