संडे स्कूलच्या चित्रवर्गात शेडिंग आणि घनवाद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये उपासनेनंतर तासभर मी चित्रकलेचा वर्ग घेते. दहा ते चौदा वयाची मुलं आहेत. पेन्सिल शेडिंग सुरू केलं, पण सगळ्यांची चित्रं सारखीच करडी आणि मळकट होतात. ‘अजून गडद करा’ म्हटलं की कागद चमकायला लागतो. साहित्य चुकतंय की शिकवणं?
— संडे स्कूल शिक्षिका, ऐरोली

उत्तर : साहित्य थोडं, पद्धत जास्त. मुलांकडे बहुतेक एकच एचबी पेन्सिल असणार. पेन्सिलीची कांडी ग्रॅफाइट आणि माती यांच्या मिश्रणाची असते. फ्रान्सच्या काँतेने १७९५ मध्ये आणलेली ही रीत आजही तीच आहे. माती जास्त तितकी कांडी कठीण आणि रेषा फिकी. एचबी कितीही दाबली तरी तिच्यातून खरा काळा निघत नाही. दाबल्यावर ग्रॅफाइटचे पापुद्रे कागदावर सपाट बसतात आणि उजेड परत फेकतात, तीच ती चमक. शिवाय दाबाने कागदाचा खरखरीतपणा मोडतो, म्हणून त्यावर नंतर मऊ, गडद ६बी चालवली तरी ती धरत नाही. चमकलेली जागा दुरुस्त होत नाही असंच समजा.

प्रत्येक मुलाला एचबी, २बी, ४बी आणि ६बी अशा चार पेन्सिली पुरतात. बारा पेन्सिलींचा डबा घ्यायची गरज नाही. आखणी एचबीने, अगदी हलक्या हाताने. २एचने आखू देऊ नका, कारण कठीण टोक कागदात चर पाडतं आणि शेडिंग केल्यावर तो चर पांढरी रेघ होऊन वर येतो. कागद १३० ते १५० जीएसएमचा कार्ट्रिज घ्या आणि गुळगुळीत बाजू टाळा. सरावाला झेरॉक्सचा कागद चालेल, पण त्याच्यावर दोनपेक्षा जास्त थर बसत नाहीत हे मुलांना आधी सांगा, नाहीतर ती स्वतःच्या हाताला दोष देतात. शार्पनरने टोक आखूड निघतं. कटरने सेंटिमीटरभर कांडी उघडी केली आणि पॉलिश पेपरवर तिरकी घासली की रुंद, मऊ पट्टा उमटतो. कटरचं काम अर्थातच तुमचं, मुलांचं नाही.

पहिल्या तासाला वस्तू नको, फक्त टोनपट्टी, म्हणजे फिक्यापासून गडदापर्यंतच्या छटांची पट्टी. १५ सेंमी लांब, ३ सेंमी रुंद पट्टी आखून तिचे पाच चौकोन करायचे. पहिला कोरा ठेवायचा. मग थेट पाचवा, जमेल तितका गडद. त्यानंतर मधला तिसरा आणि शेवटी दुसरा व चौथा. हा क्रम मोडू देऊ नका. एकापासून ओळीने पुढे गेलं की मुलं तिसऱ्या चौकोनातच सगळा काळा संपवून बसतात आणि शेवटचे तीन सारखेच दिसतात. दोन टोकं आधी ठरली की मधले टोन त्यांच्याशी ताडून लावता येतात. गडद चौकोन एका दमात भरायचा नाही. २बीचा एक थर, त्यावर दिशा बदलून ४बीचा, मग पुन्हा तिरका ६बीचा. दाब तिन्ही वेळा सारखाच हलका.

मळकटपणा येतो तो बोटाने घासल्यामुळे. बोटाचं तेल कागदात उतरतं, तिथे ग्रॅफाइट डागासारखं बसतं आणि खोडरबरानेही जात नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना घासणं पूर्ण बंद ठेवा. मोठ्यांना कागदाची गुंडाळी किंवा टिश्यू द्या, तेही थर देऊन झाल्यावरच. तळहाताखाली एक कोरा कागद ठेवायचा आणि उजव्या हाताने काढणाऱ्याने डावीकडून वरून सुरुवात करायची. पुट्टी रबर (कणकेसारखं मळता येणारं खोडरबर) मिळालं तर उत्तम: ते न घासता दाबून उचललं की टोन फिका होतो आणि कागद फाटत नाही.

मग चेंडू. थर्माकोलचा पांढरा गोळा सगळ्यात सोयीचा. उजेडाचा ठिपका, मधला टोन, गडद पट्टा, परावर्तित उजेड आणि टेबलावर पडलेली सावली, एवढं त्यात दिसतं. दोन चुका हमखास होतात. एक, मुलं सगळ्यात गडद भाग कडेला नेतात. खरं तर तो कडेच्या थोडा आत असतो, कारण टेबलावरून उडालेला उजेड सावलीतली कड थोडी उजळतो. दुसरी, हा परावर्तित उजेड कळला की तो इतका पांढरा करतात की गोळा पोकळ दिसतो. उजेडाच्या बाजूच्या कुठल्याही टोनपेक्षा तो गडदच हवा. भोवतीची काळी बाह्यरेषा शेवटी राहू देऊ नका. कड दिसते ती दोन टोनांच्या फरकामुळे. पडलेली सावली गोळा जिथे टेकतो तिथे सगळ्यात गडद असते, दूर जाताना फिकी आणि मऊ होत जाते.

प्रश्न : मुलांना पिकासोची चित्रं दाखवून घनवादी (क्युबिस्ट) चित्र काढायला सांगितलं. सगळ्यांनी पट्टीने आडव्या-तिडव्या रेषा मारून त्रिकोण रंगवले. घनवाद वाटतच नाही, फुटलेली काच वाटते. काय करावं?
— चित्रकला शिक्षक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : रेषा आधी आल्या आणि वस्तू नंतर, म्हणून. पिकासो आणि ब्राक या पॅरिसमधल्या चित्रकारांनी साधारण १९०८ ते १९१२ मध्ये जे केलं त्याची सुरुवात बघण्यातून झाली होती: एकच वस्तू समोरून, वरून, बाजूने पाहायची आणि ते सगळं एका कागदावर आणायचं. तुमच्या मुलांनी वस्तू फिरून पाहिलीच नाही, त्यामुळे फोडायला त्यांच्याकडे काही नव्हतं. रंगही आधी काढून घ्या. त्या काळातली ती चित्रं करड्या, मातकट, गेरूच्या छटांतच आहेत, म्हणून पेन्सिलीच्या वर्गाला ती सोयीची. सपाट रंगवलेले त्रिकोण ही चर्चच्या रंगीत काचांची रीत झाली. ती वाईट नाही, पण तो वेगळा धडा आहे.

विषय पाच भाकरी आणि दोन मासळ्या असा घ्या, म्हणजे एवढ्यातच येशूने हजारो लोकांना जेवू घातलं ती गोष्ट. पुनरुत्थानाआधीच्या चमत्कारांपैकी हा एकच चारही शुभवर्तमानांत (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेल्या येशूच्या चरित्रांत) आहे, आणि प्रत्येकाने नजर वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे. भाकरी जवाच्या होत्या आणि त्या एका मुलाकडे होत्या, हे योहान सांगतो. हिरवं गवत मार्कात दिसतं. स्त्रिया आणि मुलं मोजणीत धरली नव्हती हे मत्तय नोंदवतो, आणि बेथसैदा गावाचं नाव लूक देतो. चार ठिकाणांहून पाहिलेली एकच गोष्ट मुलांना इथे लगेच पटते. तुलना तेवढ्यापुरतीच ठेवा. पॅरिसमधले चित्रकार काही बायबलचा अर्थ लावत नव्हते.

टेबलावर एक टोपली, घरून आणलेल्या भाकरी (आदल्या दिवशीच्या बऱ्या, कडक असतात आणि आकार धरून राहतात) आणि पुठ्ठ्याचे दोन मासे मांडा. खरा बांगडा हौसेने आणू नका, बंद हॉलमध्ये तासाभरात मुलं चित्र सोडून नाकच धरतात.

पहिल्या तासात प्रत्येकाने ट्रेसिंग पेपरच्या चार तुकड्यांवर चार रेखाटनं करायची. एक बसून समोरून, दुसरं उभं राहून वरून, तिसरं डावीकडून आणि चौथं अगदी जवळून एखाद्या भागाचं. प्रत्येकाला आठ-दहा मिनिटं, शेडिंग नाही, फक्त कडा. वरून पाहिल्यावर टोपलीचं तोंड गोल आणि समोरून चपटं दिसतं, हा फरक मुलांच्या हातात उतरला पाहिजे. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

दुसऱ्या तासात यातले तीन कागद एकमेकांवर ठेवून दोन-तीन सेंटिमीटर सरकवायचे. कुठे माशाची शेपटी भाकरीच्या कडेला मिळते, कुठे टोपलीची एक कड दुसरीत घुसते. जमलेली मांडणी खिडकीच्या काचेवर धरून एचबीने ए-३ कागदावर उतरवायची. मग वस्तूच्याच काही कडा बाहेर लांबवायच्या: टोपलीच्या काठाची रेषा पार्श्वभूमीत जाऊ द्यायची आणि दुसरी रेषा भेटली की थांबवायची. अशा लांब रेषा पाच ते सात, त्याहून जास्त नाहीत. पट्टी वापरू दिली तरी प्रत्येक रेषा कुठल्या कडेतून निघाली हे मुलाला सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही तर ती पुसायची. फुटक्या काचेवर एवढा एक नियम पुरेसा आहे.

ओळखीच्या तीन खुणा शाबूत ठेवा. माशाचा डोळा, शेपटी, भाकरीची गोल कड असं काहीतरी. ब्राकने १९०९ च्या व्हायोलिन आणि पॅलेटच्या चित्रात एक खिळा अगदी हुबेहूब, सावलीसकट रंगवला आहे. बघणाऱ्याला पकडायला काहीतरी लागतं.

आता शेडिंग, आणि इथेच पहिल्या प्रश्नातली टोनपट्टी कामाला येते. प्रत्येक तुकडा सपाट भरायचा नाही. एका कडेला गडद सुरू करून दुसऱ्या कडेपर्यंत कोऱ्या कागदात विरघळवायचा. एकाची गडद कड शेजारच्याच्या फिक्या कडेला लागली की तिथे पायरी दिसते. दोन फिक्या कडा भेटल्या की सीमा उघडी राहते आणि वस्तू पार्श्वभूमीत वाहून जाते. चित्रकार या उघड्या वाटेला पासाज म्हणतात आणि घनवादाचा जीव तिथे आहे. मुलं मात्र प्रत्येक तुकड्याभोवती जाड रेघ मारून ही वाट बंद करतात. सरळ सांगून टाका: निदान चार ठिकाणी सीमा उघडी राहिली पाहिजे. गोळ्याला उजेड एकाच दिशेने येत होता, इथे प्रत्येक तुकड्याला स्वतःचा उजेड असू शकतो. पण टोन तीनच, चौथा कोरा कागद. मध्यभाग दाट, कोपरे रिकामे सोडले तर चित्र श्वास घेतं.

वेळ कमी असेल तर शेडिंगचा भाग वाचवा आणि रेखाटनं चाराऐवजी दोन करा. उलट केलं तर पुन्हा काचच होईल.

प्रश्न : घनवादी पद्धतीने येशूचा चेहरा काढायला दिला, तर मंडळीतल्या काही ज्येष्ठांनी ‘प्रभूचा चेहरा तोडता?’ म्हणून हरकत घेतली. त्यांना काय सांगावं?
— एक वाचक, वाशी

उत्तर : आधी त्यांचं ऐकून घ्यावं. काही मंडळ्यांत येशूचं कुठलंही चित्र नको असतं, आणि त्यामागे बायबलच्या निर्गम या पुस्तकातल्या विसाव्या अध्यायातली, मूर्ती करू नको ही आज्ञा असते. कॅथलिक वातावरणात चित्र चालतं, पण चेहरा हा भक्तीचा विषय असतो. दोन्ही ठिकाणी पाळक किंवा फादर यांना वर्गाआधी नमुना दाखवणं हा शिस्तीचा भाग आहे. शिकवण्याच्या दृष्टीनेही चेहऱ्यापासून सुरुवात चुकीचीच. नाक सरकलं की मुलांना हसू येतं आणि धडा तिथेच संपतो.

चेहऱ्याऐवजी इमारत घ्या. चित्रकार लिओनेल फायनिंगरने जर्मनीतल्या गेल्मेरोडा या खेड्यातलं लहानसं चर्च १९१३ पासून पुन्हा पुन्हा रंगवलं. मनोऱ्याच्या कडा आभाळात लांबवून त्याने उजेडाचे पारदर्शक पडदे केले. त्या मालिकेतलं तेरावं चित्र १९३६ चं आहे. ज्येष्ठांना ही चित्रं दाखवली तर बोलणं सोपं होतं. ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचं रेखाटन मुलांना समोरून, कोपऱ्यातून आणि रस्त्यापलीकडून करता येईल. आवारात बसायची परवानगी आधी घ्या.

येशूचा विषय घेणारे आधुनिक चित्रकार आहेतच. शागालचं ‘गोलगोथा’ १९१२ चं, पिकासोचं लहानसं ‘क्रूसारोहण’ १९३० चं, आणि गोव्यात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझाचं ‘क्रूसारोहण’ १९५९ चं. सूझाचं चित्र काटेरी आणि कठोर आहे. ते मोठ्यांच्या चर्चेत ठेवा, दहा वर्षांच्या मुलांपुढे नको. मुलांना आपल्याकडचं काही दाखवायचं असेल तर पुण्यात राहून काम केलेल्या चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांची साडीतली मरिया (येशूची आई) दाखवा. ती घनवादी नाही, पण बायबलमधली माणसं युरोपियनच दिसली पाहिजेत हा समज तिने जातो.

प्रश्न : हॉलमध्ये सगळीकडे ट्यूबलाइट. वस्तूवर सावलीच दिसत नाही. पावसाळ्यात कागदही नरम पडतो.
— नेरुळ

उत्तर : वस्तूवरच्या ट्यूब बंद करा आणि एकच टेबल लॅम्प डावीकडून, वस्तूपेक्षा थोडा वर ठेवा. ९ वॅटचा एलईडी बल्ब पुरतो. वस्तूमागे काळा पुठ्ठा उभा केला की उजेडाची कड स्पष्ट होते, आणि पांढरा केला की परावर्तित उजेड. स्टीलचा पेला सुरुवातीला नको, त्यात टोनऐवजी प्रतिबिंबं दिसतात.

ओलसर कागदाचे तंतू सुजतात. पेन्सिल त्यात रुतते, आणि खोडताना वरचा पापुद्रा लोळ्या होऊन निघतो. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पावसाळ्यात ६बी कमी वापरा आणि खोडण्याऐवजी पुट्टी रबराने उचला.

प्रश्न : या सगळ्याचा एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेला काही उपयोग?
— पालक, कळवा

उत्तर : वस्तुचित्राला थेट. टोनपट्टी, एकाच दिशेचा उजेड आणि टेकलेल्या जागेची गडद सावली एवढं पक्कं असलं की कागदावरच्या वस्तू हवेत तरंगत नाहीत. संकल्पचित्रात आकार एकमेकांवर चढवण्याची सवय कामी येते. वस्तुचित्राच्या पेपरात मात्र घनवाद करायचा नाही. तिथे समोर मांडलेलं जसं दिसतं तसंच काढायचं असतं, हे मुलाला परीक्षेच्या निदान महिनाभर आधी बजावा.