स्पेशल शाळेतल्या १५ वर्षांच्या मुलीला कामाचा अनुभव कसा द्यायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी १५ ची आहे, बौद्धिक दिव्यांगत्व आहे, गेल्या वर्षी पुण्याहून वडोदऱ्याला आलात, शाळेत मेणबत्त्या आणि पणत्या रंगवायला शिकवतात आणि तुम्हाला काळजी आहे की शाळा संपल्यावर हिचं काय. मी इथेच दांडिया बाजारात राहते, १४ वर्षं स्पेशल एज्युकेटर आहे, मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, १८ पूर्ण व्हायची वाट बघू नका. याच वर्षी आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास, घराजवळच्या एखाद्या खऱ्या दुकानात तिला कामाला बसवा, सोबत कुणीतरी राहायचं. पणत्या वाईट नाहीत, हात वळतो, पण आपल्या मुलांचं असं असतं की एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. वर्गात पुड्या अगदी नीट भरणारा मुलगा फरसाणच्या दुकानात गेला की गर्दी, तळणीचा वास, मालकाचा चढा आवाज, वेगळा वजनकाटा, सगळंच नवं, आणि तो हात बांधून उभा राहतो, म्हणजे वर्गातली दोन वर्षं तिथे पुन्हा पहिल्यापासून शिकवायची. त्यापेक्षा कामाच्या जागीच शिकवलेलं बरं. १९९६ मधे अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या हॉस्पिटलमधे प्रोजेक्ट सर्च सुरू झालं ते याच विचारावर, शाळेचं शेवटचं वर्ष मुलं हॉस्पिटलमधेच काढतात आणि तिथली कामं तिथेच शिकतात. इंग्लंडमधली सपोर्टेड इंटर्नशिप पण तशीच. आपल्याकडे तयार असं काही मिळालं नाही तर आपणच जमवायचं, आणि जमतं.

माझ्या वर्गातली एक मुलगी, १६ ची, १२ च्या पुढे आकडे घसरायचे. तिच्या आईच्या ओळखीने गेंडीगेटला एका पतंगाच्या दुकानात डिसेंबरमधे बसवलं. पतंग कोडीने विकतात, कोडी म्हणजे २० नग, आणि हिला २० मोजता येत नव्हतं. मग एका वाटीत २० चिंचोके दिले, एक पतंग ठेवला की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा, वाटी रिकामी झाली की कोडी झाली, दोरी बांधायची. पहिला आठवडा मी शेजारी बसले, दुसऱ्या आठवड्यात दुकानाबाहेर स्टूल टाकून, तिसऱ्यात मालकांच्या सूनबाईच तिला सांभाळून घ्यायला लागल्या. मोजण्यात चूक जवळजवळ नाहीच. अडलं कुठे माहितीये? बाथरूमला जायचंय हे तिला परक्या माणसाला सांगता येईना आणि एक दिवस कपडे ओले झाले, बिचारी दोन दिवस आलीच नाही. ते मी शिकवायला हवं होतं आणि शिकवलं नव्हतं, मला अजून वाईट वाटतं. म्हणून तुम्ही कामाच्या आधी हे घ्या: बाथरूम कुठेय विचारणं, समजलं नाही तर "परत सांगा" म्हणणं, कुणी अंगाला हात लावला तर "नको" म्हणून मोठ्याने ओरडणं आणि घरी येऊन सांगणं, घर ते दुकान रस्ता. मुलीच्या बाबतीत तर हे आधी, मोजणं नंतर.

कायद्याचं पण लक्षात ठेवा, १४ च्या आत कामाला लावताच येत नाही, १४ ते १८ मधे धोक्याचं काम चालत नाही. आम्ही मांज्याच्या बाजूला तिला फिरकू पण दिलं नव्हतं.

दुकानदाराला विचारताना "नोकरी द्या" म्हणू नका आणि "बिचारी आहे हो" तर अजिबात नको. सरळ सांगा, तीन आठवडे, दिवसाला दोन तास, एकच काम, मी सोबत बसेन, नाही जमलं तर आम्ही स्वतःहून थांबू. असं म्हटलं की बरेच जण हो म्हणतात. पण शिकायचे तीन आठवडे झाले आणि काम नीट होतंय तर पैसे ठरवून घ्यायचे आणि ते तिच्या हातात द्यायला सांगायचे. एका दुकानात आमच्या एका मुलाला आठ महिने चहा-नाश्त्यावर राबवलं, आई-बाप उपकार समजून गप्प होते, शेवटी आम्ही काढून घेतलं त्याला.

आता कागदपत्रांचं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते काढा. वडोदऱ्यात केंद्र सरकारचं एक केंद्र आहे, जुने लोक व्हीआरसी म्हणतात, आता नाव नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर झालंय, ते खास दिव्यांग मुली-बायकांसाठीच काढलेलं, तिला काय जमू शकतं ते तपासून मार्गदर्शन करतात, आत्ताच जाऊन चौकशी करून या. शिक्षण सोडवू नका, झेपत असेल तर एनआयओएसमधून, म्हणजे सरकारच्या मुक्त शाळेतून, दहावी करता येते, पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, एकेक विषय पास करत जायचं. १८ झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली कलेक्टरांच्या लोकल लेव्हल कमिटीकडे गार्डियनशिपचा अर्ज करावा लागतो. आणि सरकारी नोकरीचं म्हणाल तर २०१६ च्या कायद्याने ४ टक्के राखीव आहेत खरं, पण त्यातल्या एकाच टक्क्यात बौद्धिक दिव्यांग, ऑटिझम, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुदिव्यांग सगळे येतात, शिवाय परीक्षा असते, त्यामुळे फॉर्म भरा पण त्याच्या भरवशावर घरी बसवू नका.

तुम्ही कुठल्या भागात राहता ते लिहा, मांडवी-रावपुऱ्याकडे असाल तर कुठे विचारायचं ते मी सांगू शकेन. पतंगाचं बघायचं असेल तर दिवाळी झाली की लगेच जा, उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, जवळ आल्यावर गेलात तर दुकानदाराला तुमच्याशी बोलायला पण वेळ नसतो.