जुने, कमी बजेटचे विज्ञानपट इतके कच्चे असूनही लोकांना का आवडतात?

कारण त्यातली युक्ती उघडी दिसते, आणि ती मनापासून केलेली असते. 'रोबॉट मॉन्स्टर' (१९५३) मधला परग्रहवासी म्हणजे गोरिलाचा पोशाख आणि त्यावर हेल्मेट. त्याच्या यंत्रातून चक्क साबणाचे फुगे निघतात. 'बिगिनिंग ऑफ द एंड' (१९५७) मध्ये शिकागोवर महाकाय टोळ चालून येतात. खरे टोळ इमारतींच्या मोठ्या छायाचित्रांवर सोडून ती दृश्यं चित्रित केली आहेत. नीट पाहिलंत तर एक टोळ भिंत सोडून थेट 'आकाशावर' पाय ठेवतो! असं काही सापडलं की मी तरी तो तुकडा पुन्हा लावतोच.

छोटी मॉडेल्स खेळण्यासारखी का दिसतात, यामागे गणित आहे. मॉडेल १/१६ आकाराचं असेल तर १६ च्या वर्गमुळाइतक्या, म्हणजे चौपट वेगाने चित्रण करावं लागतं: सेकंदाला २४ ऐवजी ९६ फ्रेम. ते पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवलं की पडझड संथ दिसते, आणि तेव्हा कुठे ती जड वाटते. पण त्यात फिल्मही चौपट जाते, म्हणून तिथेच काटकसर व्हायची. पाणी आणि आग तर वेगानेही पूर्ण सुधारत नाहीत. थेंब काही मॉडेलच्या प्रमाणात लहान होत नाही, त्यामुळे टाकीतला 'समुद्र' लगेच ओळखू येतो.

सुरुवात १९५० च्या दशकातल्या तास-सव्वा तासाच्या चित्रपटांपासून करा. मुद्दाम वाईट बनवलेले नवे चित्रपट टाळा. त्यात धडपडच नसते.