जुन्या पेपरबॅक रहस्यकथांचं मुखपृष्ठ दोनदा बघा

तुम्ही लिहिलंय की घरातल्या एका जुन्या खोक्यात पन्नासेक इंग्रजी पेपरबॅक सापडली. सगळी खुनाची, हेरगिरीची आणि पाठलागाची. पानं पिवळी पडलीत, मुखपृष्ठं भडक आहेत. लोक ही पुस्तकं एवढ्या हौसेनं का जमवतात, आणि ती वाचायची की नुसती जपून ठेवायची, असा तुमचा प्रश्न आहे.

वाचायची. फक्त वाचताना एक करा. मुखपृष्ठ दोनदा बघा, एकदा पहिलं पान उघडण्याआधी आणि एकदा शेवटचं पान संपल्यावर. मला या पुस्तकांचं वेड लागलं ते त्या दुसऱ्या बघण्यामुळे.

माझं पहिलं पुस्तक होतं अगाथा ख्रिस्तीचं ‘डेथ इन द क्लाउड्स’. फोंटाना प्रकाशनाची प्रत, चित्रकार टॉम ॲडम्स. मुखपृष्ठावर एक अवाढव्य गांधीलमाशी आहे आणि तिच्यापुढे विमान अगदीच किरकोळ दिसतं. मला वाटलं, ही कुठल्यातरी राक्षसी किड्याची गोष्ट असणार. वाचायला घेतल्यावर कळलं की विमानात बसलेली एक स्त्री मरून पडते, केबिनमध्ये एक गांधीलमाशी घोंघावत असते आणि डंखानंच जीव गेला असेल अशी शंका आधी निघते. ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो, त्याला मात्र जमिनीवर पडलेलं दुसरंच काहीतरी दिसतं. पुढचं सांगत नाही. पुस्तक संपवून मी ते मिटलं, पुन्हा ते चित्र पाहिलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. चित्रकारानं खून काढलाच नव्हता. आपली नजर जिथे अडकून पडावी असं लेखिकेला वाटत होतं, नेमकी तीच गोष्ट त्यानं विमानापेक्षा मोठी करून ठेवली होती. अख्खी युक्ती पहिल्या क्षणापासून माझ्या हातात होती आणि मी तिच्याकडे किडा म्हणून बघत होते.

ॲडम्सनं १९६२ पासून बरीच वर्षं ख्रिस्तीची मुखपृष्ठं केली. कवट्या, फुलं, कीटक, साध्या घरगुती वस्तू एकमेकांशेजारी अशा मांडायच्या की त्या आपसांत काहीतरी कुजबुजताहेत असं वाटावं, ही त्याची पद्धत. तुमच्या खोक्यात फोंटानाची ख्रिस्ती निघाली तर सुरुवात तिच्यापासूनच करा. वस्तू आधी मनात मोजून ठेवा. वाचताना त्यातली एकेक कथेत आली की छातीत जो ठोका चुकतो, तो कोऱ्या नव्या आवृत्तीत मिळत नाही.

एक सूचना इथेच देऊन टाकते. या पुस्तकांची नावं ब्रिटनमध्ये एक आणि अमेरिकेत दुसरं, असं बरेचदा असतं. ‘डेथ इन द क्लाउड्स’च अमेरिकेत ‘डेथ इन द एअर’ म्हणून आलं. त्यामुळे दोन वेगळी पुस्तकं म्हणून एकच गोष्ट दोनदा हाती येऊ शकते. आतल्या पानावर मूळ नाव दिलेलं असतं, ते बघायची सवय लावून घ्या.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या पुस्तकांबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. पुस्तक उलटं करून बघा. मलपृष्ठावर नकाशा असेल आणि पुढे किल्लीच्या भोकातून बघणारा एक डोळा असेल, तर ते अमेरिकेतल्या डेल कंपनीचं आहे. या पुस्तकांना मॅपबॅक म्हणतात. १९४३ पासून साधारण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ती निघत होती. खून जिथे झाला त्या घराचा, गल्लीचा, बेटाचा किंवा गावाचा नकाशा मागे छापलेला. यातले दीडशेहून अधिक नकाशे रूथ बेल्यू या बाईंनी काढले. काही नकाशांत घराचं छप्पर उचलून बाजूला ठेवल्यासारखं दिसतं: इथे जिना, इथे पलंग, इथे प्रेत. आत पहिल्या पानांवर पात्रांची यादी असते, प्रत्येकासमोर एकेक ओळ, आणि कथेत कोणत्या वस्तू येणार याचीही यादी असते.

ही सोय वाचकाला सरळ तपासात ओढते. कोणी साक्षीदार म्हणतो, मला रात्री जिन्यावर पावलं वाजलेली ऐकू आली. मी लगेच पुस्तक उलटं करते. त्याची खोली कुठे आहे? मध्ये भिंती किती? तिथून जिना ऐकू येईल का? एकदा अशा नकाशावरून मला एका पात्राचा खोटेपणा पोलिसांच्या तीन प्रकरणं आधी कळला होता. तो आनंद मला अजून आठवतो. नकाशा आणि मजकूर प्रत्येक वेळी तंतोतंत जुळतातच असं नाही, पण जिथे जुळत नाहीत तिथेही आपण जास्त बारकाईनं वाचायला लागतो. माझ्या मते पेपरबॅकच्या इतिहासात वाचकाचा एवढा मान दुसऱ्या कोणी राखला नाही.

हिरव्या रंगाची पुस्तकं निघाली तर ती पेंग्विनची. पेंग्विनचा संस्थापक ॲलन लेन यानं १९३५ मध्ये सहा पेन्सला एक अशी पुस्तकं बाजारात आणली, तेव्हा रंगावरूनच प्रकार ओळखायचा अशी योजना होती: कादंबऱ्या नारिंगी, रहस्यकथा हिरव्या. चित्र नाहीच, नुसते पट्टे आणि अक्षरं. १९६१ मध्ये रोमेक मार्बर या मांडणीकारानं या हिरव्या मालिकेला नवी मांडणी दिली. वरच्या भागात आडव्या रेघांमध्ये नाव, खालच्या मोठ्या भागात एकच ठसठशीत प्रतिमा. गडद, थंड आणि अस्वस्थ करणारी. भडक रंग तुम्हाला सोसत नसतील तर आधी ही वाचा. मला ती आवडतात, पण त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बघताना गांधीलमाशीसारखा धक्का बसत नाही.

आता भडक चित्रांकडे वळू, कारण तुम्हाला खरी अडचण तिथे आहे असं प्रश्नावरून वाटलं. अमेरिकेत १९३९ मध्ये पॉकेट बुक्सनं पंचवीस सेंटला पुस्तक विकायला सुरुवात केली. पुढे ही पुस्तकं पुस्तकांच्या दुकानांपेक्षा वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर, औषधांच्या दुकानात आणि स्टेशनवर, तारेच्या फिरत्या रॅकवर जास्त विकली जाऊ लागली. गाडी पकडायच्या घाईत असलेल्या माणसाची नजर दोन सेकंदांत थांबवायची, तर चित्राला ओरडावंच लागणार. १९५०च्या दशकात हे इतकं वाढलं की १९५२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीनं, गॅदिंग्ज समितीनं, या पेपरबॅकची आणि त्यांच्या मुखपृष्ठांची सुनावणीच घेतली.

यातली पुष्कळ चित्रं मलाही खटकतात. घाबरलेली, अर्धवट कपड्यांतली बाई, आणि तिच्या मागे पिस्तूलवाला. तिला दिसण्यापलीकडे काही काम नाही. बाई म्हणून मी त्यावर पांघरूण घालणार नाही. पण इथेही दुसऱ्यांदा बघणं कामी येतं. वाचून झाल्यावर स्वतःला विचारा, चित्रातली ही बाई कथेत कोण होती? तिच्या तोंडी वाक्यं किती होती? कित्येकदा कळतं की कथेत तीच सगळ्यात हुशार होती आणि चित्रानं तिच्यावर अन्याय केला. कधी उलटही होतं, कथेत ती दोन पानांपुरती येते आणि मुखपृष्ठावर मात्र तीच दिसते. त्या काळाबद्दल हे मला कुठल्याही लेखापेक्षा जास्त सांगून गेलंय.

आणि मग रॉबर्ट मॅगिनिस. त्यानं बाराशेहून अधिक पेपरबॅक मुखपृष्ठं रंगवली, २०२५ मध्ये नव्याण्णवाव्या वर्षी तो गेला. त्याच्या बायका उंच, सडपातळ, बहुतेक वेळा निवांत उभ्या किंवा बसलेल्या असतात, आणि त्या आपल्याकडे अशा बघतात की खुनाबद्दल त्यांना आपल्याहून जास्त माहीत आहे. तो टेम्परा रंगांत काम करायचा. कापडाची घडी, काचेवरची चमक, एका कोपऱ्यात सोडलेली मोकळी जागा, सगळं कसं शांत. नुसत्या चित्रकलेसाठीही ही मुखपृष्ठं भिंग घेऊन बघावीत. २००४ मध्ये सुरू झालेल्या हार्ड केस क्राइम या प्रकाशनानं नव्या पुस्तकांसाठीही त्याच्याकडून चित्रं काढून घेतली. तेव्हा जुनं सापडलं नाही तर तिकडे वळा.

पिवळ्या कण्याची पुस्तकं असतील तर ती बाजूला काढून ठेवा, ती बहुधा गोल्ड मेडलची. यामागची गोष्ट मला फार आवडते. तोवर पेपरबॅक म्हणजे आधी पुठ्ठा बांधणीत आलेल्या पुस्तकाची स्वस्त आवृत्ती. फॉसेट ही कंपनी दुसऱ्या एका प्रकाशकाची वितरक होती आणि करारामुळे तिला अशा पुनर्मुद्रित आवृत्त्या काढता येत नव्हत्या. म्हणून १९५० मध्ये तिनं थेट नव्या कोऱ्या कादंबऱ्याच पेपरबॅकमध्ये आणल्या, आणि लेखकाला विकलेल्या प्रतींवर नव्हे तर छापलेल्या प्रतींवर पैसे दिले. चांगले लेखक त्यामुळेच तिकडे गेले. म्हणजे तुमच्या हातातली ती सुरकुतलेली प्रत कदाचित त्या कादंबरीची पहिलीच आवृत्ती असेल. ती स्वस्त म्हणून हलक्या हातानं बाजूला टाकू नका.

हाताळण्याबद्दल थोडक्यात. कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे आणि आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. ऊन लागलं की हे झपाट्यानं होतं. पानं नुसत्या ग्लूवर चिकटवलेली असतात आणि तो ग्लू आता वाळलाय. पुस्तक सपाट उघडू नका, काटकोनाहून थोडंसंच जास्त उघडून वाचा. सुटलेलं पान चिकटपट्टीनं जोडू नका, तिचे डाग कधीच जात नाहीत, पान जागच्या जागी सरकवून ठेवा. ओल आणि कसर या दोन शत्रूंपासून सांभाळलं की पुरे. वाचल्यानं थोडी झीज होणार, ती होऊ द्या.

शेवटी, खोक्यात मुखपृष्ठ फाडलेलं एखादं पुस्तक निघालं तर ते टाकू नका. न खपलेल्या पेपरबॅकचं फक्त मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाकडे परत पाठवायचं आणि पुस्तक नष्ट करायचं, अशी विक्रेत्यांची पद्धत होती. त्यातली काही पुस्तकं नष्ट होण्यापासून बचावली. माझ्याकडे असं एक आहे. ते संपवल्यावर सवयीनं मी मिटून पुढची बाजू बघितली, तर समोर नुसतं नावाचं पान. मग कथेत जे होतं त्यावरून मनातच चित्र काढलं: पावसानं भिजलेल्या पायऱ्या, त्यावर पडलेला एक हातमोजा, आणि वर उजेड असलेली एकच खिडकी. मुखपृष्ठ शाबूत असलेली प्रत मी अजून शोधते आहे. खिडकी त्या चित्रकारालाही महत्त्वाची वाटली होती का, एवढंच मला बघायचंय.